चित्रे राखायची तर डोंगर राखा

(कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



भोपाळच्या दक्षिणेला, विंध्याच्या रांगेत भीमबेटका आहे. १९५७ साली डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांना आगगाडीतून हे खडक दिसले. ते तिथे पोहोचले आणि हजारो वर्षांपूर्वीची चित्रे जगापुढे आली. २००३ साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारशाचा मान दिला. वाकणकरांचे ऋण मोठेच आहे. पण त्याआधी, १८८८ साली, किंकेड नावाच्या इंग्रजाने भीमबेटक्याचा उल्लेख केला होता, तो तिथल्या आदिवासींनी दिलेल्या माहितीवरून. जगाला हा डोंगर नवा होता. पायथ्याच्या माणसांना नव्हता.

या चित्रांत शिकार आहे, नाच आहे. पचमढीच्या कपारींत तर मध काढणारी माणसेही रंगवली आहेत. आजही सातपुड्यातला कोरकू आणि गोंड मधाचे पोळे ओळखतो. म्हणून ही चित्रे आपल्या कामाचाच विषय आहेत.

गेरूचा रंग एवढा टिकला, कारण वरच्या खडकाने त्याला ऊनपावसापासून झाकले. आता धोका कुठून येतो ते पाहा. वालुकाश्मात पाणी मुरते. ते झिरपून वाळले की क्षार मागे राहतात आणि चित्रावर पांढरा थर चढतो. ओल राहिली की शेवाळ धरते. समोरची झाडे तुटली की ऊन आणि धूळ थेट भिंतीवर येते. तापून-निवून खडकाचे पापुद्रे सुटतात. वणव्याची व चुलीची काजळी बसते. त्यात पाहुणे रंग उठून दिसावा म्हणून पाणी मारतात, नावे कोरतात.

कुंपण घातल्याने माणूस अडेल. पाणी, ऊन, धूर अडणार नाही. त्यासाठी डोंगरावरचे जंगलच हवे. आणि शेकडो कपारींवर पहारेकरी कोण बसवणार? पायथ्याचे गावच ते करू शकते. पण गावाला बाहेर काढून वारसा जपता येत नाही. वाटाड्याचे आणि राखणीचे काम पहिल्यांदा तिथल्या मुलामुलींना मिळाले पाहिजे.

आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. उन्हाळ्यापूर्वी कपारींसमोरचा वाळका पाला हटवून जाळरेषा काढायला ग्रामसभेला मदत करा. मधाच्या प्रशिक्षणात जाळीचा पोशाख घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायला शिकवा. मग कपारीखाली मशाल पेटवावी लागत नाही, माश्याही जगतात. आणि आश्रमशाळेची सहल नेलीत, तर मुलांना आधीच सांगा: डोळ्यांनी पाहायचे, हात लावायचा नाही, पाणी मारायचे नाही.

पुसलेले चित्र पुन्हा काढता येत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी आपापल्या भागातल्या डोंगरावर जा, म्हाताऱ्यांना विचारा, कपारी पाहून या. काही आढळले तर हात न लावता ग्रामसभेला आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.