भिंतीवरचे केळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने दहा मिनिटे बोलायचे, असा मंडळाचा रिवाज आहे. यंदा तो मान माझ्याकडे आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. संतवाङ्मयावर किंवा मुलांच्या आरोग्यावर बोलणाऱ्या जाणत्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी विषय घेतला आहे केळ्याचा. शिकरणातले केळे नव्हे हं! भिंतीला चिकटपट्टीने चिकटवलेले केळे, आणि ते चिकटवणारा गमत्या कलावंत.

अमेरिकेत मायामी या शहरी दर डिसेंबरात कलेचा मोठा बाजार भरतो. आर्ट बाझेल असे त्याचे नाव. आपल्याकडे जत्रेत गाळे मांडतात तसे देशोदेशीचे चित्रांचे व्यापारी तेथे गाळे मांडतात. 2019 साली पॅरिसच्या पेरोतँ या व्यापाऱ्याच्या गाळ्यात एका मोकळ्या पांढऱ्या भिंतीवर एक पिवळे केळे राखाडी चिकटपट्टीने तिरपे डकवलेले होते. नाव ‘कॉमेडियन’, म्हणजे विदूषक. किंमत 1 लाख 20 हजार डॉलर! त्या वेळच्या हिशेबाने आपले सुमारे 85 लाख रुपये. आणि असे नग एक नव्हे, तीन विकायला होते. ते विकलेही गेले.

हा कलावंत म्हणजे इटलीचा मौरित्सिओ कातेलान. 1960 साली पादुआ गावी गरीब घरात जन्मला. वडील मालमोटार हाकीत आणि आई लोकांकडे साफसफाईची कामे करी. चित्रकलेच्या शाळेत तो गेला नाही. 1989 साली त्याचे एकट्याचे प्रदर्शन भरायचे होते, तेव्हा त्याने दाराला कुलूप घातले आणि बाहेर पाटी लावली, ‘लगेच येतो’. तेच प्रदर्शन! 1999 साली त्याने मिलान शहरात आपल्या व्यापाऱ्यालाच चिकटपट्ट्यांनी भिंतीवर डकवून टाकले. 2016 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्याने 18 कॅरट सोन्याचा शौचकूप बसवला. तो नुसता पाहायचा नव्हता, वापरायचा होता. लाखाहून अधिक माणसे त्यासाठी रांगेत उभी राहिली. पुढे 2019 च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम राजवाड्यात तो मांडला असता चोरांनी उपटून नेला. नळाला जोडलेला, त्यामुळे मागे पाणीच पाणी झाले. सोने गेल्याचे दुःख एकीकडे आणि पुसापुशी एकीकडे!

आता तुम्ही विचाराल, केळे तर चार दिवसांत काळे पडणार. मग घेणाऱ्याने घेतले काय? ऐका. त्याला मिळतो एक दाखला आणि सूचनांची 14 पाने. केळे जमिनीपासून 175 सेंटिमीटर उंच लावावे, सात ते दहा दिवसांनी बदलावे, असे त्यात लिहिले आहे. केळे ज्याने त्याने आपल्या बाजारातून आणायचे. म्हणून त्या बाजारातच डेव्हिड दातुना नावाच्या दुसऱ्या एका कलावंताने ते सोलून खाल्ले, तेव्हा कोणाचे काही बुडाले नाही. थोड्या वेळाने तेथे नवे केळे लागले. पुढे गर्दी आवरेना, म्हणून शेवटच्या दिवशी गाळेवाल्यांनी ते उतरवले. 2023 साली कोरियात सोल येथे एका विद्यार्थ्यानेही ते खाल्ले आणि साल परत भिंतीवर चिकटवून ठेवली. कारण विचारले तर म्हणाला, सकाळी न्याहारी केली नव्हती!

आपल्याला हे फार परके वाटू नये. मोदकाच्या पाककृतीची वही जपून ठेवतो आपण. मोदक तर संपतातच. सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळी पुसली जाते, पण म्हणून रांगोळी काढणारीचा हात काही पुसला जात नाही.

तरी मन म्हणतेच, ही शुद्ध थट्टा आहे. असू दे ना! मला वाटते, ही थट्टा आपल्यासारख्या बायकांना सर्वांत लवकर कळावी. जेथे कशाचा भाव खरा हे कोणालाच सांगता येत नाही, अशा ठिकाणी त्याने जिचा भाव पोरासोरांना ठाऊक आहे अशी वस्तू टांगली. मग भिंतीवर उरला तो नुसता भाव. जो रोज डझनाचा हिशेब करतो तोच त्याला पोट धरून हसतो.

पण भगिनींनो, हसून झाल्यावर दोन गोष्टी माझ्या मनात घर करून राहिल्या. त्याच डिसेंबरात मायामीतल्या सफाई कामगारांनी, त्यात बायकाही होत्या, आपल्या कपड्यांवर केळी चिकटवून मोर्चा काढला. त्यांचे म्हणणे असे, की एका केळ्याला एवढे पैसे मोजता, तर आमच्या मजुरीत चार पैसे वाढवायला तुम्हाला जड का जाते? सफाई करणाऱ्या बाईच्या मुलाची थट्टा सफाई करणाऱ्या बायांनीच अशी पुरी केली.

दुसरी गोष्ट 2024 च्या नोव्हेंबरातली. न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात त्या तीनांपैकी एक नग 62 लाख डॉलरला गेला. म्हणजे सुमारे 52 कोटी रुपये! घेणारे जस्टिन सन यांनी हाँगकाँगमध्ये वार्ताहरांसमोर केळे खाऊनही दाखवले. त्या दिवशी भिंतीवर लावलेले केळे लिलावगृहाजवळच्या गाडीवरून 35 सेंटला, म्हणजे आपल्या तीसेक रुपयांना आणले होते. विकणारा बांगलादेशातून आलेला एक म्हातारा, आणि गाडीही त्याची नव्हे. तो तेथे पगारी नोकर. पत्रकाराने त्याला लिलावातली किंमत सांगितली तेव्हा त्याच्या डोळ्यांना पाणी आले. पुढे जस्टिन सन यांनी त्या गाडीवरून एक लाख केळी घेण्याचा बेत जाहीर केला. पण त्यात नफा झालाच तर तो मालकाचा. म्हाताऱ्याच्या हाती काय?

आता आपल्या घरचे बोलते. दर दिवाळीत आपण मंडळातर्फे विक्री मांडतो. गेल्या खेपेला एका भगिनीने दीड महिना खपून शिवलेली गोधडी होती. टाका असा बारीक, की उलटसुलट कळू नये. घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, “जुन्या लुगड्यांचीच ना? मग एवढे कसले पैसे?” आणि आपण निमूटपणे भाव उतरवला. आपल्या संसाराला त्या पैशांची गरज असते. कोणाची त्यातून मुलाची फी जाते, कोणाचे औषधपाणी होते.

कातेलानच्या केळ्यात मेहनत नाही. आपल्या गोधडीत ती ठासून भरली आहे. पण त्याच्यापाशी एक गोष्ट आहे ती आपल्यापाशी नाही. वस्तूबरोबर तो आपल्या नावाचा कागद देतो आणि मान वर करून भाव सांगतो. वांगी भिंतीला चिकटवून आपण कोट्यधीश होणार नाही, हे मलाही कळते. मात्र कागदाची युक्ती उचलायला हरकत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. यंदा विक्रीला ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी जोडावी. करणारीचे नाव, किती दिवस लागले, सामान किती रुपयांचे आणि मजुरी किती, एवढे चार शब्द. गोधडीला, रुखवताच्या शोभेच्या वस्तूंना, पापडांच्या पुडक्यालाही. भाव ठरवावा तो करणारीला जवळ बसवून, आणि मग तो कोणी उतरवू नये. घासाघीस करणारीला चिठ्ठी वाचायला द्यावी. वाचूनही नको वाटले तर खुशाल न घ्यावे. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मी पत्करते. माझे अक्षर बरे आहे.

अध्यक्षबाईंनी ही सूचना येत्या सभेपुढे ठेवावी, अशी विनंती करते. अल्पोपाहारात केळी आहेत, असे समजते. ती मात्र भिंतीकडे न पाहता खाऊन घ्यावीत!