वार्तेचा वेग

मरोळला लागूनच आरेची वनराई आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तेथील मेट्रो-कारशेडसाठीं होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धचे अर्ज फेटाळले. त्याच रात्रीं करवती चालूं लागल्या. पूर्वीं ही वार्ता सकाळच्या वर्तमानपत्राबरोबर घरीं आली असती. त्या रात्रीं व्हॉट्सअ‍ॅप व ट्विटर यांनीं ती घटकेंत शहरभर नेली आणि माणसें धांवून आलीं. परंतु ७ ऑक्टोबरला विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली, तोंवर २,१४१ झाडें पडलीं होतीं. नव्या साधनांनीं लोकांस डोळे दिले, अवधि दिला नाहीं. निकाल आणि करवत यांमध्यें अपिलापुरता अवकाश ठेवणें हें कायद्याचेंच काम होय. कारण स्थगितीनें पडलेलें झाड पुन्हां उभें राहत नाहीं.