विमानप्रवासांतील ओझें



आगगाडीच्या प्रवासानें आपल्याला एक संवय लावून ठेविली आहे. बांकाखालीं मावेल तेवढें सामान आपलें, ही ती संवय. सामानाच्या वजनाचे नियम आगगाडीलाही आहेत. पण तेथें काट्याशीं गांठ सहसा पडत नाहीं. विमानतळावर मात्र पहिली गांठ काट्याशींच पडते. वजन जास्त भरलें कीं चार लोकांदेखत बॅग उघडावी लागते, कोणी मोठ्या मायेनें बांधून दिलेला डबा बाहेर काढावा लागतो, आणि मागची रांग खोळंबते. म्हाताऱ्या माणसांना ही तारांबळ विशेष जाचते. ती टाळतां येण्याजोगी आहे, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

ही मर्यादा मुळांत कां, हें प्रथम पाहूं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें येऊन मुंबईस जुहू येथें विमान उतरविलें. त्या लहानशा विमानांत दुसरा प्रवासी नव्हता. होती फक्त सुमारें २५ किलो टपाल. आज तेवढें ओझें एकेक प्रवासी घेऊन निघतो. विमानें वाढलीं, पण हिशेब तोच राहिला. विमान, इंधन, माणसें आणि सामान यांच्या वजनाची बेरीज ठराविक आंकड्यापलीकडे गेली तर उड्डाण करतां येत नाहीं. ओझें वाढलें कीं इंधन अधिक जळतें, आणि तें जास्तीचें इंधन वाहून नेण्यासाठीं आणखी इंधन लागतें.

तथापि सगळाच आकार या गणितापोटीं घेतला जातो असें नव्हे. त्यांत व्यापारही आहे. अमेरिकन एअरलाइन्स या मोठ्या कंपनीनें २००८ सालीं पहिल्याच बॅगेवर १५ डॉलर आकारण्यास सुरुवात केली. आपल्याकडे २०२१ सालीं, ज्याच्याजवळ केवळ हातांतील पिशवी आहे त्याला तिकीट स्वस्त देण्याची मुभा सरकारी विमानखात्यानें कंपन्यांना दिली. म्हणून तिकीट घेतांना केवळ भाडें पाहूं नये. त्या भाड्यांत किती किलो सामान येतें, तेंही वाचावें.

देशांतल्या देशांत, साध्या वर्गाच्या तिकिटावर, बहुतेक कंपन्या १५ किलो सामान विमानाच्या पोटांत आणि ७ किलोंची एक पिशवी हातांत नेऊं देतात. पतिपत्नींचें आरक्षण एकत्र असेल तर दोघांचें मिळून ३० किलो बहुधा धरतात. मग एक बॅग १७ किलोंची व दुसरी १३ किलोंची असली तरी चालतें. अमेरिकेच्या प्रवासांत मात्र वजनाऐवजीं नग मोजतात, आणि साध्या वर्गांत एक नग बहुधा २३ किलोंपर्यंत असतो. तेथें २७ आणि १९ यांची बेरीज ४६ होते, हें सांगून उपयोग नाहीं. २७ किलोंच्या बॅगेचा आकार द्यावाच लागतो. शिवाय ३२ किलोंहून जड असा एकही नग सहसा स्वीकारीत नाहींत. कारण तो उचलणारा हमालही माणूसच आहे, आणि त्याला अशा बॅगा दिवसभर उचलावयाच्या असतात.

आतां उपाय. पहिला उपाय म्हणजे वजन घरींच करावें. बॅग टांगून तोलण्याचा छोटा काटा बाजारांत मिळतो. तो नसेल तर माणसें तोलण्याच्या काट्यावर प्रथम बॅग घेऊन उभें राहावें, मग बॅगेवांचून. वजाबाकी तिसऱ्या इयत्तेंतील आहे. रिकामी बॅगही तोलावी. कित्येक जुन्या, टणक बॅगा स्वतःच ४-५ किलो भरतात. आणि मर्यादेच्या आंत एक किलो राखून ठेवावा. घरचा काटा आणि तिकडचा काटा यांचें नेहमींच जुळतें असें नाहीं.

दुसरा उपाय असा कीं, जास्त सामान न्यावयाचेंच असेल तर त्याचे पैसे आधींच भरावे. विमानतळावरील दराहून तो दर सहसा कमी असतो. आणि भरण्यापूर्वीं थोडें गणित करावें. समजा, किलोमागें ६०० रुपये पडले, तर ५ किलो कणीक पुण्याहून दिल्लीस नेण्यास ३००० रुपये लागतील. कणीक दिल्लीसही मिळते! घरचें मेतकूट किंवा गोडा मसाला मात्र तेथें मिळेलच असें नाहीं, आणि तो वजनालाही हलका.

तिसरी गोष्ट, काय कोठें ठेवावें. औषधें, दागिने आणि कागदपत्रें हातांतल्या पिशवींत असावींत. मोबाईलची पॉवर बँक पोटांतल्या सामानांत चालत नाहीं. तीही हातींच ठेवावी. लोणच्याची बरणी याच्या उलट. ती हातांत अडवितात, म्हणून घट्ट बांधून मोठ्या बॅगेंत टाकावी. सुक्या खोबऱ्यांत तेल फार. तें आपोआप तापून पेट घेण्याचा धोका असल्यानें सामानांत नेऊं देत नाहींत. विमानांत जागा नाहीं म्हणून हातांतली पिशवी ऐन वेळीं पोटांत टाकावयास मागितली, तर औषधें आणि पॉवर बँक काढून घेण्यास विसरूं नये.

आणि काट्याविषयीं शंका आली तर दुसऱ्या काट्यावर वजन करून द्या, असें शांतपणें म्हणावें. व्यापारांतील वजनकाटे तपासून शिक्का मारलेले असावेत, असा २००९ चा वैधमापन कायदा आहे. पण समोर बसलेल्या मुलामुलींनीं नियम केलेला नसतो. त्यांच्यावर आवाज चढवून बॅग एक तोळाही हलकी होत नाहीं.

मुलाबाळांकडे जातांना रिकाम्या हातांनीं जाववत नाहीं, हें मी जाणतों. जाऊंही नये. फक्त काय न्यावें हें आदल्या रात्रीं, घरच्या दिव्याखालीं, दोघांनीं बसून ठरवावें. तेथें ठरविलें म्हणजे डबा मागें ठेवणेंही आपल्याच हातीं राहतें. रांगेंत उभें राहून ठरविलें तर तें काट्याच्या हातीं जातें.