पंचावांचून शर्यत

केळीच्या बागांनीं वेढलेल्या आमच्या सावद्याहून समुद्र फार दूर. मोठें पाणी म्हणजे आम्हांस तापीचें. तरीहि आज शिडाच्या लहान होड्यांच्या शर्यतीविषयीं चार शब्द बोलावयाचे योजिलें आहे.

मुंबईस रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईसच झाल्या व त्यांत फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पण सुट्टीच्या दिवशीं मित्रामित्रांत होणाऱ्या शर्यतींतहि मूळ नियम तेच. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाहीं; तिला नागमोडी न्यावी लागते. अशा वेळीं दोन होड्या समोरासमोर आल्या, तर डावीकडून वारा घेणारीनें उजवीकडून वारा घेणारीस वाट द्यावी.

नियम मोडला तर? शिट्टी फुंकणारा पंच बहुधा जवळ नसतो. ज्याचा दोष, त्यानें आपण होऊन बाजूस व्हावें आणि होडीला दोन पूर्ण गिरक्या देऊन मागें पडावें. खुणेच्या बोयास नुसता धक्का लागला, तर एक. परीक्षागृहांत अनेक वर्षें पहारा केलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास हें मोलाचें वाटतें. पहाऱ्यानें नक्कल थांबते. सचोटी मात्र, कोणी पाहत नसतां घेतलेल्या अशा गिरकीनेंच अंगीं बाणते.