शिकाऊ पोरांना कायमचं काम द्या!
(पेठ येथील बैठकीतील भाषण)



२०२४ साली सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. पदवीधराला महिना १०,००० रुपये, मुदत ६ महिने. २०२५ मध्ये ती ११ झाली. नोकरीची हमी मात्र नाही. नागलीचं रोप, लावणी, कापणी, असा एक हंगाम पाहून कृषी कचेरीतलं पोरगं कुठं तयार होतं, तोच त्याला घरी पाठवतात. मग ते दिंडोरीच्या द्राक्षबागेत मजुरीला!

आमची मागणी सरळ आहे: खात्याच्या भरतीत या अनुभवाला गुण द्या. पोरांनो, नुसत्या प्रमाणपत्रावर राहू नका. कोणत्या पाड्यात किती शेतकऱ्यांना काय दाखवलं, तारखेनिशी वहीत लिहा, साहेबांची सही घ्या. मोर्चा नेऊ तेव्हा आपण त्या वह्याच टेबलावर ठेवू.