विंचूदंश आणि महाडचे संशोधन

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात लाल विंचवाचा दंश पूर्वी अनेकदा जीवघेणा ठरे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणे टिपली : वांती, दरदरून घाम, थंडगार हातपाय आणि पुढे फुप्फुसांत पाणी. विषाने मज्जातंतू अनावर चेतवले जातात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तातील साखरही वाढते. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी त्यांनी योजिली; 'लॅन्सेट'ने १९८६ मध्ये ते निष्कर्ष छापले. पूर्वी शंभर गंभीर रुग्णांपैकी तीस-चाळीस दगावत, पुढे एखादाच. अर्थात, भगताकडे तास दवडले तर गोळीचाही इलाज चालत नाही. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ मध्ये दाखविले. २०२२ साली त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली.