उघडी गाडी, झाकली गाडी

कवी माणसाने मोटारसायकलीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण माझ्या निम्म्या कविता मला सातारा-वाई रस्त्यावर हँडल धरलेले असताना सुचल्या आणि त्यातल्या निम्म्या घरी पोहोचेपर्यंत वाऱ्याने नेल्या. सुमारे ३५ किलोमीटर जायचे, तितकेच यायचे. वीस-बावीस वर्षे नोकरीसाठी हा रस्ता मी तिन्ही ऋतूंत तुडवला आहे. तेवढ्या हक्काने आज बोलतो.

२०१८ च्या दिवाळीत माझ्या भाच्याला बोनस मिळाला. त्याचीही नोकरी वाईच्या एमआयडीसीतली. गाडी घ्यायचे ठरले. शोरूममधल्या मुलाने विचारले, "नेकेड बघायची का फेअरिंगवाली?" सोबत माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई होती. नेकेडचा अर्थ कळताच आपाने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "भय्या, तूच बघ बाबा. मी बाहेर बसते."

अर्थ साधा आहे. जिचे इंजिन, चौकट, नळ्या सगळे उघड्यावर दिसते ती नेकेड. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्या अशाच. जिच्या पुढच्या भागाला आणि दोन्ही कुशींना प्लास्टिकचे कवच असते, वर छोटी काच असते, ती फेअरिंगवाली. २००३ साली करिझ्मा आली तेव्हा अर्धे कवच घातलेली गाडी आपल्याकडच्या पोरांनी डोळे भरून पाहिली. २००८ च्या आर-१५ ने अंगभर कवच आणले. तेव्हापासून ही गाडी म्हणजे रुबाब, असे समीकरण झाले. भाच्याला तीच हवी होती. मी नको म्हणालो. पण पैसे त्याचे, त्यामुळे तोच जिंकला.

हे कवच मुळात रुबाबासाठी जन्मले नाही. गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. म्हणजे ताशी ४० वर जो वारा छातीवर हात ठेवतो, तोच ८० वर धक्के मारू लागतो. शर्यतीच्या गाड्यांना हा विरोध कमी करायचा होता. इटलीतल्या मोटो गुझ्झी कंपनीने १९५० साली आपल्या कारखान्यात त्यासाठी वाऱ्याचा बोगदाच बांधला. पुढे अख्खे पुढचे चाक झाकणारी कवचे आली. लोकांनी त्यांना नाव ठेवले 'डस्टबिन', कचऱ्याचा डबा! समोरचा वारा ती छान कापत. पण बाजूने वारा आला की शिडासारखी ढकलली जात. शेवटी १९५८ च्या हंगामापासून जागतिक शर्यतींत त्यांवर बंदी आली. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर-१०० आरएस काढली, ती मात्र लांबच्या प्रवासात चालवणाऱ्याचे वाऱ्यापावसापासून रक्षण व्हावे म्हणून. तेव्हा कवच हे निव्वळ नखरे नव्हेत. ते कुठल्या रस्त्यासाठी घ्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या रस्त्याचे सांगतो. वाढे फाट्यापासून पाचवडपर्यंत हमरस्ता, दोन्ही टोकांना गावातली गर्दी. उन्हाळ्यात गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने चालते. उघड्या गाडीच्या इंजिनाची धग वाऱ्यावर निघून जाते. झाकल्या गाडीची धग कवचात कोंडते आणि वाट मिळेल तशी पायांवर येते. भाचा मे महिन्यात घरी आला की आधी पायांवर पाणी ओतायचा. काही कवचांची रचना ही हवा पायांपासून दूर नेते, नाही असे नाही; म्हणून घेण्यापूर्वी भर दुपारी, गर्दीतून चालवून पाहावी.

पावसाळ्यात दोघींची खरी परीक्षा. कवचामुळे पुढच्या चाकाचा चिखल नडग्यांवर कमी उडतो, पाण्याचा मारा छातीवर कमी येतो. पण खांदे आणि पाठ भिजतातच. रेनकोट कोणालाच चुकत नाही. आणि वारा? आमचा हमरस्ता दक्षिणोत्तर, पावसाळी वारा पश्चिमेचा. म्हणजे जाताना डाव्या कुशीवर, येताना उजव्या. मोकळ्या माळावर त्या वाऱ्याचा थपडा कवचाच्या रुंद बाजूवर बसला की गाडी हातभर सरकते. उघडी गाडीही सरकते, पण थोडी कमी.

हिवाळ्यात मात्र मी हरलो. एका जानेवारीत माझी गाडी गॅरेजला होती. भाच्याची घेऊन पहाटे निघालो. रोज आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत माझी छाती गार दगड व्हायची, बोटांना क्लच कळेनासा व्हायचा. त्या दिवशी काचेच्या आड थोडा वाकलो आणि वारा डोक्यावरून निघून गेला. ऑफिसात पोहोचलो तेव्हा मी थकलेलो नव्हतो. वारा माणसाला किती दमवतो, हे तो नसल्यावर मला इतक्या वर्षांनी कळले. भाच्याला म्हणालो, "तुझे बरोबर होते." तो म्हणाला, "मामू, हे लिहून द्या."

परत येताना अंधार पडला, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. उघड्या गाडीचा दिवा बहुधा हँडलबरोबर वळतो. झाकल्या गाडीचा कवचात बसवलेला, तो गाडीच्या तोंडाकडेच बघतो. गल्लीच्या वळणावर हँडल वळले, उजेड मात्र समोरच्या भिंतीवर.

पण श्रोतेहो, गाडीवर बसणारा एकटा नसतो. त्याच मार्चमधली गोष्ट. रात्री नऊला आपाला एकाएकी घाम सुटला, छातीत कळ आली. रिक्षा मिळेना. भाच्याने गाडी काढली. त्याच्या गाडीची मागची सीट उंच, उतरती, तळहाताएवढी. आपाचे गुडघे दुखरे. दोघांनी उचलून बसवले. धरायला काही नाही, म्हणून तिने लेकाला मिठी मारली. गाडी वीस पावले गेली असेल, ओढणी मागच्या चाकात गेली. आपाची मान मागे खेचली गेली. मी ओरडलो, भाच्याने ब्रेक दाबला. ओढणी फाटली, आपा वाचली. शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखाना गाठला. दुखणे पित्ताचे निघाले. पण मानेवरचा तो लाल वळ आठवडाभर होता आणि भाचा आठवडाभर जेवताना वर पाहत नव्हता.

दोष कवचाचा नव्हता. गाडीला साडीगार्ड होता. तो 'लूक' बिघडवतो म्हणून पोराने काढून माळ्यावर टाकला होता. मागे बसणाऱ्याला हाताला धरायला काही हवे, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकलेले हवे, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२३ मध्ये लिहिलेले आहे. नाव साडीगार्ड, पण साडी, ओढणी, धोतर, बुरखा, सगळ्यांसाठी तो एकच.

आता निवडीचे बोलू. कवच आणि बसण्याची ढब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१४ ची जिक्सर उघडी. २०१५ ची जिक्सर एसएफ तिचीच झाकलेली बहीण. इंजिन तेच आणि हँडलही तेच ठेवलेले. म्हणजे कवच असूनही ताठ बसता येते. म्हणून नुसती फेअरिंग पाहू नका. हँडल किती खाली आहे, पूर्ण वळते का, मागची सीट कशी आहे, ते पाहा. रोजचा रस्ता गावातला, वेग तीस-चाळीसचा असेल, तर कवच तुम्हाला फारसे काही देत नाही. उलट गाडी पार्किंगमध्ये आडवी झाली तरी पॅनेल तडकते आणि ते बदलायला खर्च येतो. रोज तासभर हमरस्ता असेल आणि एकट्याने जायचे असेल, तर कवचाचा उपकार मोठा आहे. आणि घरात एकच गाडी असेल, तर ती घ्यायला घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला सोबत न्या. त्याला मागे डबलसीट बसवून एक चक्कर मारा. मग पैसे मोजा.

भाच्याने दुसऱ्याच दिवशी साडीगार्ड बसवला. वर्षभराने ती गाडी देऊन उघडी घेतली, रुंद सीटची. मी त्याच आठवड्यात माझ्या गाडीला छोटा व्हायझर लावून घेतला. तो पाहून भाचा हसला, पण काही बोलला नाही.

आपा आता त्याच्या मागे बसते तेव्हा आधी ओढणी दोन्ही टोकांनी कमरेला खोचते, मग साडीगार्डला हात लावून पाहते आणि मग त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणते, "चल."